उपासनेतील गाणे आणि आजीची चाल



गाण्याविषयी बोलावयास उभा राहिलेला माणूस स्वतः गवई असला पाहिजे, असा आपला समज असेल तर आधीच सांगून टाकतो, मी गवई नाही. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. आवाज बेताचाच आहे, आणि सुरांशी माझी ओळख रविवारच्या उपासनेपुरती. पण ही ओळख चाळीस वर्षांची आहे. तिच्यात एक गोष्ट अशी घडली की तिच्यामुळे मी आमच्या उपासनेतील गाण्याचा इतिहास धुंडाळू लागलो. ती गोष्ट आणि तो इतिहास, दोन्ही आज आपल्यापुढे ठेवावयाची आहेत.

आमचे गाव नेवासे तालुक्यातले. नेवासे म्हटले की आपणांस ज्ञानेश्वरी आठवणारच. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानदेवांनी तेथेच आपली गीतेवरील टीका ओवीत सांगितली. त्याच तालुक्यात आमचे लहानसे ख्रिस्ती देऊळ आहे. आमच्याकडची जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणतात. भिंती दगडाच्या, वर पत्रा, खाली सतरंजी. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या अंगाला. समोर एक पेटी, एक ढोलकी आणि टाळांचे चार जोड. पाऊस आला की पत्र्याच्या आवाजापुढे पाळकांचा उपदेश ऐकू येत नसे, तेव्हा ते उपदेश थांबवून म्हणत, “चला, पाऊस उघडेपर्यंत एक गीत होऊ द्या.” आम्हां पोरांना तेवढाच आनंद!

गीत उचलायचे कोणी, तर माझ्या आजीने. आजीला अक्षरओळख नव्हती. गीतपुस्तक तिच्या मांडीवर असे, पण ते उलटे आहे की सुलटे हे तिला कळत नसे. शेदीडशे पदे तिला तोंडपाठ होती. ती ध्रुपद उचलायची, मागून सगळी मंडळी ते घ्यायची, पुन्हा आजी पुढचे कडवे सांगायची. एकेक पद दहा-दहा मिनिटे चाले. मी एकदा वैतागून म्हटले, “आजी, जरा भरभर म्हण की.” तर ती म्हणाली, “आरं लेका, देवाला काय कुठं गाडी धरायची हाय का?”

पेटीचे नाव निघाले म्हणून एक गंमत सांगतो. पेटी मूळची युरोपातली. पॅरिसच्या अलेक्झांडर दबें यांनी १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे आपल्याकडे ती मांडी घालून बसली, एका हाताने भाता आणि दुसऱ्याने सूर अशी झाली, आणि भजनात, कीर्तनात, तमाशात शिरली. तरी १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली. का, तर तिच्यात मींड निघत नाही, आणि तिचे बांधलेले सूर आपल्या गाण्याला मानवत नाहीत. ती बंदी १९७१ साली काही प्रमाणात उठली. मधल्या तीस वर्षांत रेडिओवर पेटी नव्हती, पण खेड्यापाड्यांतल्या भजनांत ती होतीच. हे उदाहरण लक्षात असू द्या. कोणती वस्तू आपली आणि कोणती परकी, हे हुकमाने ठरत नाही, वापराने ठरते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बारावी झाल्यावर मी शिकायला नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आलो. तेथे ज्या चर्चमध्ये जाऊ लागलो तेथले गाणे पाहून मी थक्क झालो. बाके, ऑर्गन, गळ्यात टाय बांधलेले गायक, बायकांचे वरचे आणि खालचे, पुरुषांचे वरचे आणि खालचे असे चार आवाज एकमेकांत गुंफलेले. सुरुवात ठरल्या क्षणी, शेवट ठरल्या क्षणी. मी त्या गायकवृंदात शिरलो. मला पुरुषांच्या खालच्या आवाजात घेतले. कागदावरचे सूर वाचायला शिकलो. अगदी खरे सांगायचे तर मला ते गाणे फार आवडले, आजही आवडते. पण त्या आवडीच्या पोटी एक वाईट गोष्ट माझ्या मनात आली. मला गावचे गाणे गावंढळ वाटू लागले.

१९९८ च्या नाताळात आजी माझ्याकडे आली होती. उपासनेत एक जुने भाषांतरित गीत सुरू झाले. ते आजीलाही पाठ होते. मूळ चाल इंग्रजी, पण आमच्या गावात शंभर वर्षे गाऊन गाऊन तिचे रूप पार पालटले होते. जिथे ऑर्गन सरळ पुढे जाई तिथे आजी एक मुरकी घेई, आणि जिथे गायकवृंद थांबे तिथे ती पुढची ओळ उचले. ती मोठ्याने गाऊ लागली, गावी गाई तशीच. पुढच्या बाकांवरची माणसे वळून पाहू लागली. त्या दिवशी मी गायकवृंदात नव्हतो, आजीच्या शेजारी बसलो होतो. मी तिचा हात दाबला आणि हळूच म्हटले, “आजी, हळू. इथं असं म्हणत नाहीत.”

ती गप्प झाली. रागावली नाही, काही बोललीही नाही. पण त्यानंतर शहरातल्या देवळात ती कधी गायली नाही. नुसती बसून राही, ओठ मिटून.

कोणी तिला बाहेर काढले नव्हते, कोणी टाकून बोलले नव्हते. वळून पाहणाऱ्यांतही कुतूहलच असेल. गप्प केले ते मी. असो.

पुढे एम. ए. साठी इतिहास घेतला, आणि अभ्यासाच्या निमित्ताने जुने वाचू लागलो. तेव्हा मला हळूहळू कळले की ज्या गाण्याला मी गावंढळ म्हणत होतो त्याच्यामागे मोठी परंपरा उभी आहे.

मराठीतल्या ख्रिस्ती काव्याचा आरंभ थेट चारशे वर्षांमागे जातो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. तो इथली भाषा शिकला, इथली पुराणे कशी सांगतात ते त्याने पाहिले, आणि बायबलातील कथा त्याने ओवीत रचल्या. तोच ‘क्रिस्तपुराण’ हा ग्रंथ, १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापलेला, रोमन लिपीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचा. चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे तो पुराणासारखा वाचला जाई. येथे ओवी का घेतली, याचा विचार करा. स्टीफन्सपाशी स्वतःच्या देशाची गाणी नव्हती असे नाही. पण ज्याला सांगायचे त्याच्या कानाला जी चाल ओळखीची, त्याच चालीत सांगितले तर ते मुरते, हे त्याने ओळखले होते. पुढे १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले. भाषेवरच घाला आल्यावर ही परंपरा वाढावी कशी?

दुसरा प्रवाह आमच्या भागातला. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे घातले. १८४२ साली तेथून ‘ज्ञानोदय’ हे पत्र निघाले. शाळा निघाल्या, मंडळ्या उभ्या राहिल्या. मंडळी म्हटली की उपासना आली, आणि उपासना म्हटली की गाणे आले. मिशनऱ्यांनी साहजिकच आपल्याकडची भजने मराठीत आणली, चालींसकट. हेतू चांगला होता, पण एक अडचण होती. ती शिक्षकबंधूंना चटकन कळेल.

‘देवा’ हा साधा शब्द घ्या. आपण हाक मारतो तेव्हा ‘दे’ ठसठशीत येतो. इंग्रजी भजनांच्या पुष्कळ चाली अशा असतात की पहिले अक्षर हलके सोडायचे आणि दुसऱ्यावर ठोका द्यायचा. त्या चालीत ‘देवा’ बसवला की ‘दे’ निसटतो आणि ‘वा’ लांबतो. मग हाक देवाला मारली की वाऱ्याला, हे कळेनासे होते! उलट आपला मोठा अभंग पाहा. सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक, आणि शेवटचे चार अक्षरांचे आखूड पाऊल. ते पाऊल टेकले की टाळ वाजवणाऱ्याला दम घ्यायला जागा मिळते. निरक्षर माणसाच्या ध्यानात राहावे म्हणून जणू हे माप घडले आहे.

आणि मंडळीत येणारी माणसे कोण होती? नगर जिल्ह्यात ती बव्हंशी महार आणि मांग समाजांतली. माझे पूर्वजही त्यांतलेच. त्यांना गावच्या देवळात प्रवेश नव्हता. पण गाणे त्यांच्यापाशी होते. एकतारीवरचे भजन होते, जात्यावरची ओवी होती, डफ आणि हलगी होती. चोखोबांचा अभंग देवळाच्या पायरीबाहेरही पोचला होता. ही माणसे ख्रिस्ती झाली तेव्हा हातात पुस्तक आले, मुलांना शाळा मिळाली, मान ताठ झाली. या गोष्टी लहान नव्हेत. पण गाण्याच्या बाबतीत त्यांच्यापुढे पेच पडला. जुन्या चालीबरोबर जुन्या रूढीही आत येतील, अशी धास्ती काही मिशनऱ्यांना होती, आणि काही नवख्रिस्ती मंडळींनाही होती. जुना अपमान विसरू पाहणाऱ्याला त्या दिवसांतला टाळही नकोसा वाटला, तर त्याला दोष कसा द्यावा?

हा पेच सोडवला तो आमच्याच माणसांनी. नगरचे कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पदे रचली आणि ख्रिस्तकथेची कीर्तने केली. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, आर्या, सगळा थाट हरिकीर्तनाचा, आणि आख्यान बायबलातले. लोक ऐकायला जमत, कारण ऐकण्याची रीत त्यांना ठाऊक होती.

त्यानंतर आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपल्या शाळेच्या पुस्तकांतून त्यांच्या फुलामुलांच्या कविता आपण वाचल्या असतील. ते मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा. १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे नगर हे त्यांच्या कामाचे ठिकाण झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असा त्यांचा भाव होता. त्यांनी मराठी मंडळ्यांसाठी शेकड्यांनी गीते आणि अभंग लिहिले. भाषांतर नव्हे, मुळातच मराठीत उगवलेले. त्यांत ख्रिस्त हा माउली आहे, गुरू आहे, सखा आहे. १९१७ साली साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि १९१९ साली ते वारले. आज मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात त्यांची कितीतरी गीते आहेत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ सर्वांस ठाऊक आहेत. पण टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते रचले ओवीत. म्हणजे स्टीफन्स ज्या वाटेने गेला त्याच वाटेवर तीनशे वर्षांनी एक मराठी बाई चालत होती.

हाच प्रश्न रोमन कॅथलिक मंडळींपुढेही होता, पण त्यांच्याकडे तो उशिरा सुटला. त्यांचा मिस्सा लॅटिन भाषेत होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, आणि मग वसईच्या देवळांतूनही मराठी गाणे उपासनेच्या गाभ्यात आले.

हे सारे वाचत असताना मला पुन्हा पुन्हा आजीचा मिटलेला तोंडवळा आठवे. आणि एक गोष्ट मनाला लागे. त्या नाताळात आजी जे गात होती ते टिळकांचे गीत नव्हतेच. ते परक्या चालीचे भाषांतर होते. पण ज्यांना नोटेशन येत नव्हते त्यांनी, आजीसारख्यांनी, ते तीन-चार पिढ्या गाऊन आपले करून घेतले होते. जिथे शब्द मोडत होता तिथे मुरकी घालून तो सांधला होता. ‘दे’वरचा ठोका ‘दे’वर परत आणला होता. मी ज्याला चूक समजलो ती दुरुस्ती होती. पेटी जशी मांडी घालून बसली, तशी ती चालही आमच्या सतरंजीवर मांडी घालून बसली होती. मी तिला उठवून बाकावर बसवू पाहत होतो.

मग मी गावी जाऊ लागलो. २००८ च्या उन्हाळ्यात आजीपाशी बसून मी तिला म्हटले, “आजी, तुझी गाणी मला सांग, मी ती भरून घेतो.” तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “आता गळा कुठं ऱ्हायलाय बाबा? आन् तुमच्या तिथं तर आसं म्हनत न्हाईत ना?” दहा वर्षे तिने ते वाक्य मनात ठेवले होते. मी तिची क्षमा मागितली. ती हसली. मग खोकत खोकत, थांबत थांबत, तिने अकरा गीते सांगितली. मोबाइल फोनवर भरलेली ती गीते आजही माझ्यापाशी आहेत. मागून कोंबडीचा आवाज येतो, मध्येच कोणी पाणी मागते, पण चाल शाबूत आहे.

बारावे गीत मला हवे होते. एक अभंग होता, तो ती लहानपणी आम्हांला निजवताना म्हणे. जात्यावरच्या ओवीसारखी त्याची चाल होती. तिला शब्द आठवले, चाल आठवेना. दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा दुसऱ्याच गीताची चाल लागली. म्हणाली, “दिवाळीला ये, तवर आठवंल.” त्या दिवाळीला मी परीक्षेच्या कामात अडकलो. २००९ च्या जानेवारीत आजी गेली.

तो अभंग पुस्तकात आहे. शब्द एकही हरवला नाही. पण चाल कागदावर नव्हती. आमच्या गीतपुस्तकांतून पुष्कळ पदांच्या डोक्यावर चालीची नुसती खूण असते, अमुक पदाप्रमाणे म्हणावे एवढीच. ते अमुक पद ज्याला येत होते तो गेला की खूणही मुकी होते. मी गावात विचारले, शेजारच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारले. कोणी थोडी अशी म्हणते, कोणी थोडी तशी. ती माझ्या आजीची नव्हे. मला ती ऐकली तर ओळखता येईल, म्हणता मात्र येत नाही.

आज आमच्या गावच्या देवळात पत्र्याच्या जागी स्लॅब आला आहे. पेटीशेजारी कीबोर्ड आहे, तरुण मुले गिटार घेऊन येतात, काही गीते मोबाइलवरून वाजवून त्यांच्यामागे म्हणतात. याबद्दल मला तक्रार करायची नाही. उद्या हीच मुले त्या चालींना आपल्या तोंडाप्रमाणे वळवतील, तेव्हा त्याही आपल्या होतील. सणाच्या उपासनेला मीही त्यांच्यात उभा राहून गातो. गावी खालचा आवाज कोणाला लागत नाही, म्हणून सर्वांबरोबर एकाच सुरात गातो. आजीच्या त्या अकरांपैकी सात गीते मुलांना शिकवून झाली आहेत. एका पोराने तर तिची मुरकी अशी उचलली की मागच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी डोळ्याला पदर लावला.

शिक्षक मित्रांनो, आपल्याला एक विनंती करतो आणि संपवतो. ही केवळ ख्रिस्ती मंडळ्यांची गोष्ट नाही. आपल्या गावात भजनी मंडळ असेल, भारूड म्हणणारे कोणी असेल, जात्यावरच्या ओव्या जाणणारी एखादी म्हातारी असेल, दर्ग्यात किंवा बुद्धविहारात गाणारे कोणी असेल. त्यांची पदे छापलेली असतीलही. म्हणून निर्धास्त राहू नका. आपल्या वर्गातल्या मुलांना सांगा, रविवारी आजी-आजोबांजवळ बसा आणि त्यांचे एक गाणे चालीसकट भरून आणा. म्हणणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख त्याला जोडा. मोबाइल आता बहुतेक घरांत आहे, खर्च काही नाही.

आणि हे काम दिवाळीवर टाकू नका. येत्या रविवारीच करा.